‘चालेल सावकाश’ म्हणून थांबू नका

वेळेवर पेरणी

शेतकऱ्याला वाफसा कळतो. पाऊस पडून गेला आहे. रानात ओल आहे, पण चिखल नाही. अशा वेळी पेरले की उगवण चांगली होते. आठ-दहा दिवस हयगय केली, तर ओल उडून जाते. मग रान तेच, बी तेच, मेहनतही तीच. पण पीक तसे येत नाही.

लहान मुलाच्या वाढीलाही असाच वाफसा असतो. तो केव्हा असतो? आपण हिशोब करू.

मूल आईच्या पोटात असते, ते सुमारे २७० दिवस.
पहिल्या वर्षाचे ३६५ दिवस.
दुसऱ्या वर्षाचे ३६५ दिवस.
बेरीज झाली १००० दिवस.

या हजार दिवसांत मुलाचा मेंदू फार झपाट्याने वाढतो. दोन वर्षांच्या मुलाचा मेंदू मोठ्या माणसाच्या मेंदूच्या सुमारे ८० टक्के होतो. शंभर पैशांतले ऐंशी पैसे काम तेव्हाच झालेले असते.

मेंदू वाढतो म्हणजे काय होते? माळावर गवत असते. माणसे रोज एकाच बाजूने गेली, की तिथे पायवाट पडते. मूल बघते, ऐकते, हात हलवते, तेव्हा त्याच्या मेंदूत अशाच वाटा पडत असतात. जी गोष्ट पुन्हा पुन्हा करावी, तिची वाट पक्की होते. एखाद्या मुलाच्या मेंदूला इजा झाली, तर एक वाट अडते. पण मूल लहान असेल, तर दुसरीकडून वाट पडू शकते. वय वाढले, की नवी वाट पाडणे जड जाते. अजिबात जमत नाही असे नाही, पण जड जाते.

म्हणून मुलात काही कमी दिसले, तर लवकर दाखवावे आणि लवकर उपचार सुरू करावेत. सरकारी कागदावर याला ‘शीघ्र हस्तक्षेप’ म्हणतात. शब्द मोठा आहे. अर्थ साधा आहे : वेळेवर हात घालणे.

वाढ म्हणजे नुसते वजन नव्हे

आपण म्हणतो, ‘बाळ कसं गुटगुटीत आहे!’ वजन वाढले, ही चांगलीच गोष्ट. पण तेवढ्याने भागत नाही. बाळ कधी हसले, मान कधी धरली, कधी बसले, कधी बोलले, हेही पाहावे लागते.

सगळी मुले एका दिवशी चालत नाहीत. एक मूल अकराव्या महिन्यात चालते, दुसरे पंधराव्या महिन्यात. दोन्ही ठीकच. काही मुले रांगतच नाहीत, बसता बसता उभी राहतात. त्यातही बिघडत नाही. पण उशिरालाही एक हद्द असते. ती हद्द ओळखता आली पाहिजे.

खालच्या ओळी सावकाश वाचा. घरात लहान मूल असेल, तर त्याच्याकडे बघत वाचा.

३ महिने झाले. आईकडे बघून हसत नाही. डोळ्याला डोळा देत नाही. दाखवा.
५ महिने झाले. मान धरत नाही. मुठी कायम मिटलेल्या असतात. दाखवा.
९ महिने झाले. आधाराशिवाय बसत नाही. आवाजाकडे वळत नाही. दाखवा.
१२ महिने झाले. धरूनही उभे राहत नाही. नावाने हाक मारली तरी बघत नाही. दाखवा.
१८ महिने झाले. चालत नाही. ‘आई’, ‘बाबा’, ‘दे’ असा एकही शब्द बोलत नाही. दाखवा.
२४ महिने झाले. ‘पाणी दे’, ‘बाबा आले’ असे दोन शब्द जोडून बोलत नाही. दाखवा.

आणखी चार खुणा आहेत. अंग लाकडासारखे ताठ असते. किंवा अगदी लुळे असते. वर्षाच्या आत मूल एकच हात वापरते आणि दुसरा वापरतच नाही. आधी येत असलेली गोष्ट करायचे सोडून देते. यातली एक जरी खूण दिसली, तरी महिन्याची वाट पाहू नका. लगेच दाखवा.

एक गोष्ट ध्यानात ठेवा. मूल दिवस भरण्याआधी जन्मले असेल, तर तेवढे महिने वजा करून मोजायचे. मूल दोन महिने आधी जन्मले आहे. आज ते अकरा महिन्यांचे आहे. मग त्याची वाढ नऊ महिन्यांच्या मुलाशी ताडून पाहावी. दोन वर्षांचे होईपर्यंत असाच हिशोब ठेवावा.

आजी आणि अंगणवाडीताई

समजा, एका घरात असे बोलणे चालले आहे. मूल चौदा महिन्यांचे आहे. आजी त्याला मांडीवर घेऊन बसली आहे. सून चुलीपाशी आहे. अंगणवाडीताई आल्या आहेत.

ताई : आजी, बाळ आता एकटं बसतं का?

आजी : बसतं की. पाठीला उशी लावली म्हंजे बसतं.

ताई : आणि उशी काढली तर?

आजी : मग कलंडतं. पर त्यात काय एवढं? ह्येचा बाप बी उशिराच चालला. दीड वरीस झालं, तवा कुठं पाऊल टाकलं. चालंल सावकाश.

ताई : त्याचा बाप उशिरा चालला, हे खरं. पण वर्षाच्या आत तो बसत होता ना? रांगत होता ना?

आजी : (आठवून) व्हय. रांगत चुलीपतूर यायचा. राखंत हात घालायचा.

ताई : मग या बाळाचं निराळं आहे. ते अजून बसत नाही. याच्या मुठी बघा, उघडत नाहीत. उभं धरलं की पाय कात्रीसारखे एकमेकांवर चढतात. जन्मल्यावर लगेच रडलं होतं का?

सून : (हळू आवाजात) नव्हतं. नर्सबाईंनी पाठ चोळली, नळी लावली, तवा रडलं. मग तीन दिवस काचेत ठेवलं होतं.

आजी : लोक म्हणत्यात, हिनं गिराणात भाजी चिरली म्हणून असं झालं.

ताई : नाही आजी. ग्रहणानं असं होत नाही. जन्मताना बाळाला श्वास मिळायला उशीर झाला, तर मेंदूला इजा होऊ शकते. तसंच काही झालं असेल. डॉक्टर तपासून सांगतील. पण सुनेचा यात काही दोष नाही.

(सून पदराने डोळे पुसते.)

आजी : मग आता? चालंल का ह्यो?

ताई : किती सुधारेल, हे आज मी सांगू शकत नाही. पण आज सुरुवात केली तर जेवढं होईल, तेवढं तीन वर्षांनी होणार नाही. परवा दवाखान्यात चला.

आजी : दवाखाना म्हंजे मजुरी बुडली. पोराच्या बापाला रोजचा खाडा परवडत न्हाई.

ताई : एका दिवसाची मजुरी बुडेल, खरं आहे. पण हे पोर पुढं आपल्या हातानं जेवलं, आपलं आपण बसायला लागलं, तर त्याच्या आईचे किती दिवस वाचतील?

आजी काही बोलत नाही. नातवाची मिटलेली मूठ ती आपल्या हातात घेते. मग म्हणते, ‘सूनबाई, बाळंतपणाचे कागद काढून ठिव. मी बी येते संगं.’

या बोलण्यात आजीचे काय चुकले? तिला माया नव्हती का? माया पुष्कळ होती. ती फक्त चालण्याकडे बघत होती. बसण्याकडे तिचे लक्ष नव्हते. घर उभे राहिले नाही, तर आपण आधी पाया बघतो. मुलाचेही तसेच आहे. मान, मग कंबर, मग पाय, अशी ताकद वरून खाली येते.

खेळ हाच उपचार

अशा मुलाला कोण मदत करतो? डॉक्टर तपासतात. फिजिओथेरपी करणारे हातापायांची हालचाल सुधारतात. बोलणे सुधारणारे तज्ज्ञ असतात. आणि आणखी एक जण असतात. त्यांच्या कामाला ऑक्युपेशनल थेरपी म्हणतात. मराठीत ‘व्यवसायोपचार’.

व्यवसाय म्हणजे इथे धंदा नव्हे. माणूस दिवसभर जे जे करतो, ते सगळे. मोठ्या माणसाने घास उचलणे, गुंडी लावणे, भाकरी थापणे, पाणी भरणे, हा त्याचा व्यवसाय. मग लहान मुलाचा व्यवसाय कोणता? खेळणे, खाणे, अंगात कपडे घालणे. ही कामे मुलाला जमावीत, म्हणून हे तज्ज्ञ शिकवतात. आणि ही कामे करवून घेता घेताच त्याचे हात, डोळे आणि डोके सुधारतात. म्हणजे काम हेच औषध.

आपल्या देशात या विद्येचे शिक्षण महाराष्ट्रातच सुरू झाले. कमला निंबकर यांनी १९५० साली मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात या विद्येची देशातली पहिली शाळा काढली. त्या जन्माने अमेरिकन होत्या. लग्न करून इकडे आल्या आणि इथल्याच झाल्या. आज ही विद्या शिकलेली माणसे अनेक मोठ्या रुग्णालयांत काम करतात.

घरी काय करता येते?

तज्ज्ञाकडे आठवड्यातून एकदा जाणे होईल. फार तर दोनदा. बाकीचे दिवस मूल घरीच असते. म्हणून खरा उपचार घरी होतो. त्याला महागडी खेळणी लागत नाहीत. कसे करायचे, ते तज्ज्ञाकडून एकदा नीट बघून घ्या. मग रोजच्या कामातच ते करा. काही उदाहरणे पाहू.

कडेवर घेणे. ज्या मुलाचे पाय ताठ होऊन कात्रीसारखे चढतात, त्याला दोन्ही हातांवर आडवे घेऊ नका. कडेवर घ्या. एक पाय पुढे, एक मागे. म्हणजे पाय आपोआप फाकतात, ताठरपणा सैल पडतो. आपल्या आया-आज्या पिढ्यान् पिढ्या असेच घेत आल्या आहेत.

पालथे झोपवणे. मूल जागे असताना गोधडीची गुंडाळी छातीखाली द्या. समोर वाटी-चमचा वाजवा. मूल मान वर करते. मानेला आणि पाठीला बळ येते. जवळच बसून राहा. झोपी गेले, की उताणे करा.

कोपऱ्यात बसवणे. दोन भिंतींच्या कोपऱ्यात मुलाला बसवा. दोन्ही बाजूंनी आधार मिळतो. पुढ्यात पाट ठेवा. पाटावर खेळणे ठेवा. आधाराने का होईना, बसले की हात मोकळे होतात. हात मोकळे झाले की मूल खेळते.

भरवणे. आडवे निजवून भरवू नका. घास श्वासाच्या नळीत जाऊ शकतो. बसते करून, मान किंचित पुढे ठेवून भरवा. चमचा समोरून आणा.

आपल्या हाताने जेवणे. बारीक दांड्याचा चमचा मुलाला धरवत नाही. दांड्याला जुन्या धोतराची चिंधी गुंडाळून तो जाड करा. ताटली सरकते, म्हणून खाली ओले फडके घाला. अन्न सांडेल. सांडू द्या. सांडता सांडताच हात शिकतो.

कपडे घालणे. जो हात ताठ असेल, तो बाहीत आधी घाला. काढताना तो शेवटी काढा.

हातांचा खेळ. भाकरी-पोळी करताना मुलाला कणकेचा गोळा द्या. दाबू दे, ओढू दे. डब्यात कांदे टाकायला आणि काढायला सांगा. मात्र शेंगदाणे, हरभरे, चिंचोके, मणी तीन वर्षांच्या आतल्या मुलाच्या हाती देऊ नका. ते तोंडात जातात आणि घशात अडकतात.

बोलणे. मूल बोलत नाही, म्हणून आपण गप्प बसू नये. नळावर जाताना, भाजी निवडताना त्याच्याशी बोला. ‘हा कांदा. ही मेथी.’ मुलाने आवाज काढला, की थांबून त्याचे ऐका. मग उत्तर द्या. आणि एक तपासणी जरूर करून घ्या, कानाची. पुष्कळ मुले ऐकू येत नाही म्हणून बोलत नाहीत.

हे काम एकट्या आईचे नाही. बापाने संध्याकाळी अर्धा तास मुलाबरोबर जमिनीवर बसावे. आजोबांनी गोष्ट सांगावी. भावंडांनी चेंडू लोटावा.

काय करू नये?

ताठ पाय जोराने ओढू नयेत. हाड मोडू शकते. तेलाची हलकी मालिश चालते. पण नुसत्या मालिशीने मूल चालू लागत नाही.

पोटावर, पाठीवर डागू नये. बिब्ब्याचा चटका देऊ नये. त्याने जखम होते, ती पिकते, आणि आजार तसाच राहतो.

२०१९ सालच्या डिसेंबरात सूर्यग्रहण झाले. तेव्हा कर्नाटकात, कलबुर्गीजवळच्या एका गावी, काही आईबापांनी आपल्या अपंग मुलांना गळ्यापर्यंत मातीत पुरले. ग्रहण संपेपर्यंत पुरले, की मूल बरे होते, अशी समजूत होती. त्या आईबापांना हसू नका. मुलासाठी काहीही करायची त्यांची तयारी होती. पण मातीने हातापायांत बळ येत नाही. मुले मात्र घाबरून रडली. तीच तळमळ आणि तोच वेळ योग्य जागी लावला पाहिजे.

बाळाला आत बसवून ढकलायचा चाकांचा वॉकर आणू नये. मूल त्यातून उलटते, पायऱ्यांवरून पडते, आणि चालणेही लवकर शिकत नाही. आपला जुना लाकडी पांगुळगाडा बरा. तो मूल स्वतः उभे राहून धरते आणि ढकलते. पण मूल धरून उभे राहू लागले, तरच तो द्यावा. त्याआधी नाही.

कुठे जायचे?

पहिले दार अंगणवाडीचे आणि आशाताईंचे. बाळाच्या आईला ‘माता-बाल संरक्षण कार्ड’ मिळते. त्यात लशींच्या तारखा असतात. कोणत्या वयात मुलाने काय करावे, याची चित्रेही असतात. लस टोचायला जाल, तेव्हा ते पान उघडा आणि नर्सबाईंना विचारा, ‘माझं मूल यात कुठं आहे?’

दुसरे दार प्राथमिक आरोग्य केंद्राचे. आपल्या देशात ‘राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम’ नावाची योजना आहे. ती २०१३ च्या फेब्रुवारीत महाराष्ट्रातल्या पालघर इथे सुरू झाली. जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी ती आहे. या योजनेत डॉक्टरांचे पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत आणि एकदा शाळेत येऊन मुले तपासते. त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका. ‘लोक बघतील’ म्हणून लपवू नका. लपवलेल्या मुलाला पथक कसे तपासणार?

तिसरे दार जिल्ह्याचे. मुलात काही आढळले, तर पथक चिठ्ठी देऊन पुढे पाठवते. जिल्ह्याच्या ठिकाणी ‘जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्र’ असते. तिथे डॉक्टर आणि निरनिराळे तज्ज्ञ एका छताखाली बसतात. तपासणी आणि उपचार योजनेतून मोफत होतात. आपल्याला कोणते केंद्र जवळ आहे, ते आरोग्य केंद्रात विचारा.

पुढे गरज पडली, तर दिव्यांगाचे प्रमाणपत्र काढावे. त्यावर एस. टी. च्या भाड्यात सवलत मिळते. २०१६ च्या कायद्याप्रमाणे ज्याला ४० टक्के किंवा जास्त अपंगत्व आहे, अशा मुलाला ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. प्रमाणपत्र म्हणजे कपाळावरचा डाग नव्हे. ते हक्काचे कागद आहे.

आशा किती धरावी?

खरे ते सांगितले पाहिजे. काही मुले थोड्या महिन्यांत इतर मुलांच्या बरोबरीला येतात. काही मुले चालतात, पण उशिरा आणि लंगडत. काहींना कायम आधार लागतो. मेंदूची इजा पुसून टाकणारे औषध नाही. कोणी पैसे घेऊन ‘महिन्यात पळायला लावतो’ म्हणाला, तर त्याच्या नादी लागू नका.

पण ‘बरे होत नाही’ म्हणजे ‘काही होत नाही’ असे नव्हे. मूल आधाराशिवाय बसले, म्हणजे त्याला जग दिसू लागले. घास तोंडापर्यंत गेला, म्हणजे ते दुसऱ्याच्या हाताकडे बघत उपाशी राहणार नाही. तहान लागल्याची खूण केली, म्हणजे रडावे लागणार नाही. हे लहान लाभ नाहीत. सगळा जन्म ते पुरतात.

आणि हे लाभ पदरात पाडून घ्यायचे, तर वेळ आज आहे. शेजारणीच्या मांडीवर असे मूल दिसले, तर तिला हा पाठ वाचून दाखवा. तुम्हाला वाचता येते. त्याचा याहून चांगला उपयोग कोणता?

लक्षात ठेवा

१. मुलाचे वजन बघा, आणि हसणे, बसणे, बोलणेही बघा.
२. मूल दीड वर्षात चालले नाही, तर दाखवा. पण नऊ महिन्यांत बसले नाही, तर दीड वर्षाची वाट पाहू नका.
३. दोष आईचा नाही, ग्रहणाचा नाही.
४. उपचार दवाखान्यात शिकायचा, घरी रोज करायचा.
५. मुलाला लपवू नका.

विचार करा आणि सांगा

१. आजीने बाळाच्या बापाचे उदाहरण दिले. ते या बाळाला का लागू पडत नाही?
२. एक मूल दीड महिना आधी जन्मले. आज ते साडेदहा महिन्यांचे आहे. त्याची वाढ कितव्या महिन्याशी ताडून पाहावी?
३. मुलाला आडवे निजवून का भरवू नये?
४. तुमच्या गावात डॉक्टरांचे पथक मागच्या खेपेला केव्हा आले होते? अंगणवाडीत विचारून लिहा.

शब्दांचे अर्थ

वाफसा : पेरणीला योग्य अशी जमिनीतली ओल.
हयगय : दुर्लक्ष, चालढकल.
शीघ्र : लवकर.
व्यवसायोपचार : रोजची कामे आणि खेळ यांतून केलेला उपचार.
पथक : एका कामासाठी नेमलेली माणसांची तुकडी.